माथ्यावरचा तट

राजाच्या मस्तकावरील मुकुट आणि नगराभोवतीचा तट यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारले तर आपण क्षणभर निरुत्तर होऊ. मुकुट एकाचा असतो, तट सर्वांचा. मुकुट सोन्याचा, तट दगडाचा. मुकुट लोकांना दिसावा म्हणून घालतात, तर शत्रूने आत डोकावू नये म्हणून तट उभारतात. तरीही युरोपच्या इतिहासात या दोहोंचे एक विलक्षण मीलन घडून आले आहे. तेथील शहरांची आणि खेड्यांची मानचिन्हे पाहावीत. ज्या ढालीवर गावाची खूण रेखाटलेली असते, तिच्या माथ्यावर एक मुकुट असतो. त्याला पाकळ्या नसतात, रत्ने नसतात. असतात ते बुरुज, चर्या आणि चिरेबंदी भिंतीचे सांधे. एखाद्या कारागिराने किल्ल्याचा तट उचलून, वाकवून माथ्यावर ठेवावा तसा तो दिसतो. लॅटिन भाषेत त्याला 'कोरोना म्युरालिस' म्हणतात. आपण त्याला तटमुकुट म्हणू या.

या मुकुटाची माझी पहिली ओळख सेमिनरीत झाली. आमच्या काळी लॅटिनचा पूर्वीचा दरारा उरला नव्हता. परंतु एक वृद्ध धर्मगुरू आम्हां चार-पाच जणांना रात्रीच्या जेवणानंतर हौसेने लिव्ही हा रोमन इतिहासकार शिकवीत. त्यांनी सांगितलेली एक कथा पुढे माझ्या धर्मगुरुपणात वारंवार कामी आली, म्हणून ती येथे सांगतो.

इसवी सनापूर्वी २०९ साली स्किपिओ या तरुण रोमन सेनापतीने स्पेनमधील नवे कार्थेज, म्हणजे आजचे कार्ताखेना, जिंकून घेतले. शत्रूच्या तटावर जो प्रथम चढेल त्याला सोन्याचा तटमुकुट द्यावयाचा, असा रोमन सैन्याचा दंडक होता. शहर पडले आणि मुकुटाचे दोन दावेदार पुढे आले. चौथ्या पलटणीचा शतकाधिपती क्विंतुस त्रेबेलियुस आणि आरमाराचा सेक्स्तुस दिगीतियुस. प्रत्येकाच्या पाठीशी त्याचे सारे सोबती. स्किपिओने तिघा पंचांची नेमणूक केली, परंतु त्यामुळे तंटा मिटण्याऐवजी वाढला. अखेर आरमाराच्या बाजूचे पंच लेलियुस स्किपिओच्या कानाशी लागले. त्यांचे म्हणणे असे, की प्रकरण हातघाईवर आले आहेच. पण हाणामारी टळली तरी त्याहून वाईट गोष्ट घडू पाहत आहे. दोन्हीकडचे सैनिक आपल्याला जे ठाऊक आहे त्याची नव्हे, तर आपल्याला जे हवे आहे त्याची शपथ घ्यायला सिद्ध झाले आहेत. शौर्याचा सन्मान खोट्या शपथेने मिळवला जाणार, आणि त्या शपथेचा डाग पलटणीच्या निशाणांनाही लागणार. स्किपिओने सभा बोलावली, दोघेही एकाच क्षणी तटावर चढले असे घोषित केले आणि दोघांनाही तटमुकुट बहाल केला.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील चर्चचा सुवर्णमहोत्सव आला. संगमरवरी फलक बसवावयाचे ठरले आणि त्यावर चर्चच्या उभारणीसाठी पहिला दगड कोणी आणला, याची नोंद असावी अशी सूचना आली. दोन आळ्यांनी तो मान सांगितला. एका आळीत सांगत, की आमच्या आजोबांच्या बैलगाडीतून पहिला चिरा आला. दुसऱ्या आळीत सांगत, की गाडी तुमची असेल, पण दगड आमच्या खाणीतला होता. धर्मग्राम परिषदेच्या तीन सभा याच एका विषयावर संपल्या. तिसऱ्या सभेत दोन्ही बाजूंचे दोन पितामह वेदीवर हात ठेवून शपथ घ्यायला उठले. ज्यांना त्या वेळी चालताही येत नव्हते, इतक्या लहान वयाचे ते दोघे होते! मी त्यांना हात धरून खाली बसवले आणि लेलियुसाची गोष्ट सांगितली. सभेत शांतता पसरली. मग एका शिक्षकाने सुचवले की दोन्ही आळ्यांची नावे सारख्याच अक्षरांत कोरावीत. ते मान्य झाले. लगेच प्रश्न निघाला, की आधी कोणाचे? तेव्हा तोच शिक्षक म्हणाला, "वर्णानुक्रमे." वर्णमालेविरुद्ध कोणाचीच तक्रार नव्हती.

फलक लागला, जेवणावळी झाल्या, दोन्ही आळ्या एका मांडवात बसल्या. तरी माझ्या मनात एक विचार घर करून राहिला. स्किपिओने शांतता राखली, पण सत्य राखले काय? दोन माणसे एकाच क्षणी तटावर पाय ठेवतात ही गोष्ट अशक्य नसली तरी दुर्मीळच. त्याने दोन मुकुट देऊन खोट्या शपथेचे पाप टाळले. मात्र पहिला कोण, हा प्रश्न कायमचा गाडून टाकला. धर्मगुरूला दोन्ही गोष्टी जपाव्या लागतात, सत्यही आणि सलोखाही. या पेचातून सुटण्याची वाट मला पुन्हा रोमन लोकांच्याच मुकुटांनी दाखवली.

रोमन सैन्यात मुकुट अनेक प्रकारचे होते आणि त्यांची प्रतिष्ठा त्यांच्या किमतीवर अवलंबून नव्हती. तटमुकुट सोन्याचा असे. ज्याने रणांगणावर आपल्या देशबांधवाचे प्राण वाचवले, त्याला केवळ ओक वृक्षाच्या पानांचा मुकुट मिळे. पण तो घालून तो माणूस खेळ पाहायला आला, तर रोमचे सिनेटरसुद्धा त्याच्या सन्मानार्थ उठून उभे राहत. या सर्वांहून थोर मुकुट मात्र गवताचा होता. वेढ्यात सापडलेल्या संपूर्ण सैन्याची ज्याने सुटका केली, त्याला तो मिळे. तो सेनापती देत नसे, सिनेटही सहसा देत नसे. ज्यांची सुटका झाली तेच लोक वेढा पडला होता त्या भूमीवरचे गवत उपटून, गुंफून त्याच्या डोक्यावर ठेवीत. साऱ्या रोमन इतिहासात तो फार थोड्यांच्या वाट्याला आला. तटावर प्रथम चढणाऱ्याला सोने, आणि आतल्या माणसांना वाचवणाऱ्याला गवत! परंतु सोन्याच्या मुकुटासाठी साक्षीदार लागत आणि साक्षीदार भांडत. गवताच्या मुकुटासाठी साक्षीदार लागत नसत, कारण वाचलेला प्रत्येक माणूसच साक्षीदार असे. म्हणून 'पहिला दगड कोणाचा' यापेक्षा 'या मंदिराने कोणाला वाचवले' हा प्रश्न मला अधिक खरा वाटू लागला. त्याचे उत्तर कोणत्याही फलकावर मावत नाही आणि त्यावरून कोणी भांडतही नाही.

सैनिकाच्या डोक्यावर चढण्यापूर्वीही तटमुकुटाला एक इतिहास होता. ग्रीक लोक प्रत्येक नगराचे भाग्य एका देवतेच्या रूपात पाहत. तिला ते 'तिखे' म्हणत आणि तिच्या डोक्यावर नगराचा तट मुकुटासारखा बसवीत. यातील सर्वांत प्रसिद्ध मूर्ती अंत्युखिया नगरीची. लिसिप्पुस या विख्यात शिल्पकाराचा शिष्य युतिखिदेस याने ती इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास घडवली. मूळ मूर्ती हरवली. तिची एक संगमरवरी प्रतिकृती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. देवता खडकावर निवांत बसलेली आहे, माथ्यावर बुरुजांचा मुकुट आहे, आणि तिच्या पायाशी ओरोंतेस नदी एका पोहणाऱ्या तरुणाच्या रूपाने पाण्यातून वर येत आहे.

हे अंत्युखिया आपल्याला परके नाही. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम याच नगरात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ सांगतो. पौल आणि बर्णबा यांनी तेथे वर्षभर शिकवण दिली. म्हणजे आपण आज जे नाव मिरवतो, ते या तटमुकुट घातलेल्या नगरीच्या गल्लीबोळांत जन्मले. त्या नगरीचे भाग्य मात्र तिच्या मुकुटाने राखले नाही. इसवी सन ५२६ मध्ये भूकंपाने ती उद्ध्वस्त झाली. दोन वर्षांनी पुन्हा धरणी हादरली, तेव्हा लोकांनी तिचे नावच बदलले आणि 'थिओपोलिस', म्हणजे देवाची नगरी, असे ठेवले. दीड हजार वर्षांनंतर ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानातील त्याच अंताक्या शहरावर पुन्हा भूकंपाचा घाला आला. चर्च, मशिदी, घरे एकाच ढिगाऱ्यात मिसळली. बुरुज पडले, नदी अजून वाहते आहे. आणि तेथे मिळालेले नाव पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पोहोचले आहे.

यहुदी परंपरेतही तटमुकुटाची एक हृद्य कथा आहे. रब्बी अकिबा तरुणपणी अत्यंत दरिद्री होते. श्रीमंत पित्याची इच्छा मोडून त्यांच्याशी विवाह केलेली पत्नी त्यांच्यासह पेंढ्यावर झोपत असे. सकाळी तिच्या केसांतल्या काड्या वेचताना ते म्हणत, की माझ्याजवळ असते तर मी तुला 'सोन्याचे यरुशलेम' घडवून दिले असते. सोन्याचे यरुशलेम म्हणजे नगराच्या आकृतीचा स्त्रियांचा शिरोभूषण. पुढे ते थोर गुरू झाले आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. तट न चढता, कोणाला न जिंकता, केवळ धीर धरल्याबद्दल मिळालेला असा तटमुकुट इतिहासात दुसरा क्वचितच असेल.

युरोपातील मध्ययुगीन ढालींवर प्रारंभी हा मुकुट सरसकट नव्हता. शहरांच्या चिन्हांवर तो पुढे रूढ झाला आणि त्याबरोबर प्रतवारी आली. नेपोलियनच्या राजवटीत फ्रान्समधील पहिल्या श्रेणीच्या शहरांना सात चर्यांचा सोनेरी मुकुट, दुसऱ्या श्रेणीला पाच चर्यांचा रुपेरी, आणि तिसऱ्या श्रेणीला मुकुटाऐवजी गव्हाच्या पेंढ्यांची टोपली. रोमानियात खेड्याला एक बुरूज, गावाला तीन, मोठ्या शहराला पाच आणि जिल्ह्याच्या ठाण्याला सात. इटलीत शहराचा मुकुट सोन्याचा, साध्या नगराचा चांदीचा. शहराच्या मुकुटाला आठ बुरूज असतात. पण मुकुट वाटोळा असल्यामुळे समोरून पाहणाऱ्याला पाचच दिसतात. उरलेले तीन पाठीमागे उभे राहून वर्तुळ पुरे करतात. आमच्या फलकावर ज्यांची नावे नाहीत, त्या चुना मळणाऱ्या आणि डोक्यावरून पाणी वाहून आणणाऱ्या स्त्रिया मला या तीन बुरुजांसारख्या वाटतात.

काही देशांनी तर राजाचा मुकुट उतरवून त्याच्या जागी तट बसवला. १९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हा राष्ट्रीय चिन्हावरील राजमुकुट जाऊन तटमुकुट आला. १९३९ मध्ये प्रजासत्ताकाच्या पराभवाबरोबर तोही गेला. ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये आपल्या गरुडाच्या डोक्यावर तटमुकुट ठेवला. गरुडाच्या एका पंजात विळा, दुसऱ्यात हातोडा: शेतकरी, कामगार, आणि माथ्यावरील तट म्हणजे नगरवासी. येथे एक मौज लक्षात घ्यावी. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिचे तट पाडण्याची आज्ञा सम्राटाने १८५७ सालीच दिली होती आणि त्या जागी रुंद राजमार्ग झाला होता. म्हणजे जमिनीवरचा तट नाहीसा झाला आणि तो माथ्यावर चढला. भिंतीची भीती संपली, तेव्हाच तिचे भूषण झाले.

परंतु सर्वच तटमुकुट इतके निरुपद्रवी नव्हेत, हे आपण भारतीयांनी विसरता कामा नये. ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतले आणि टिपू सुलतान तेथेच पडला. त्या मोहिमेचा सेनापती जनरल हॅरिस याला १८१५ मध्ये सरदारकी मिळाली. त्याच्या कुलचिन्हावर सोन्याचा तटमुकुट आहे आणि त्यावर बाणाने विद्ध झालेला हिरवा वाघ. वाघाच्या कपाळावर फारसी लिपीत 'हैदर' अशी अक्षरे. पराभूताच्या पित्याचे नाव आणि पराभूताचा तट, दोन्ही विजेत्याच्या ढालीचा अलंकार झाले. याच घराण्याचा एक वंशज १८९० ते १८९५ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या शाळांची हॅरिस ढाल त्याच्याच नावाची. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली ती याच स्पर्धेत.

श्रीरंगपट्टणच्या तटावर प्रथम चढला तो मात्र जनरल हॅरिस नव्हे. मुंबईच्या युरोपीय पलटणीतील ग्रॅहॅम नावाचा एक सार्जंट स्वेच्छेने आघाडीला गेला, खिंडारावर चढला, त्याने निशाण रोवले आणि तेथेच गोळी लागून तो कोसळला. जुन्या रोमन दंडकानुसार तटमुकुट त्याचा होता. तो मिळाला सेनापतीला. आणि तटाच्या आतल्या बाजूस जे हजारो पडले, त्यांच्या वाट्याला ना सोने आले, ना गवत.

पोर्तुगीजांनीही गोव्याला तटमुकुट दिला. २५ नोव्हेंबर १५१० या संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला. त्याची आठवण म्हणून १९३५ साली ठरवलेल्या चिन्हात संत कॅथरिनचे चक्र होते आणि ढालीच्या माथ्यावर बुरुजांचा मुकुट. डिसेंबर १९६१ मध्ये ती राजवट संपली आणि तो मुकुटही उतरला.

खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र या मुकुटाचे एक वेगळे, आपलेसे रूप मला भेटले. फातिमाच्या यात्रेला गेलो असता आमची बस वाटेत एका लहानशा गावात थांबली. चर्चसमोर एक बैठी कचेरी होती आणि तिच्या दारावर ढाल रंगवलेली होती: तीन रुपेरी बुरुजांचा मुकुट. आमच्या वाटाड्याने समजावून सांगितले, की येथील शहरांना पाच बुरूज असतात, गावाला चार आणि खेड्याला तीन. सोन्याचा मुकुट राजधानी लिस्बनचा. १९३० साली ही शिस्त घातली गेली आणि १९९१ च्या कायद्याने ती पक्की झाली. त्या कचेरीला पोर्तुगीजमध्ये 'फ्रेगेझिया'ची कचेरी म्हणतात. फ्रेगेझिया हा आज राज्यकारभाराचा सर्वांत लहान घटक; पण मुळात त्याचा अर्थ 'धर्मग्राम'. 'ख्रिस्तसभेचा पुत्र' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून तो बनला आहे. म्हणजे ज्या घंटेचा नाद जेथवर पोहोचतो तेथवर गाव, आणि त्या गावाला हक्काचा मुकुट! राजधानीहून कमी बुरुजांचा, पण मुकुटच.

माझे बालपण वसईच्या किल्ल्याच्या परिसरात गेले, म्हणून ते तीन बुरूज पाहताना मला आपल्याकडील तट आठवणे साहजिक होते. १५३४ पासून १७३९ पर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. बुरुजांना त्यांनी संतांची नावे दिली होती. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले आणि किल्ला शरण आला. संतांच्या नावांनी बुरूज वाचले नाहीत. किल्ल्यातील चर्च ओस पडली, पण तटाबाहेरच्या वाड्यांतले आणि बागायतींतले धर्मग्राम टिकले. ते ज्या भिंतीने राखले ती दगडाची नव्हती. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आमची गावे त्यातून वगळावीत म्हणून गावोगावचे लोक रस्त्यावर उतरले होते. त्या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण खेडे म्हणजे अपुरे राहिलेले शहर नव्हे, त्याला स्वतःचा मान आहे, ही भावना त्या तीन बुरुजांतही आहे आणि आपल्या लोकांच्या त्या धडपडीतही होती.

पवित्र शास्त्रात तटाविषयी दोन वाणी ऐकू येतात. नहेम्या मोडलेला तट पुन्हा बांधतो आणि प्रत्येक घराण्याला आपापल्या दारासमोरचा भाग उभारायला सांगतो. त्या कामात कोणी कोणता भाग बांधला याची सविस्तर यादीही त्याने दिली आहे. नावांची हौस आपल्याच काळातली नव्हे! दुसरी वाणी जखऱ्या संदेष्ट्याची. त्याला दृष्टांतात एक तरुण दिसतो. हातात मापनसूत्र घेऊन तो यरुशलेमची लांबी-रुंदी मोजायला निघाला आहे. इतक्यात देवदूताला निरोप मिळतो, की धावत जा आणि त्या तरुणाला सांग, आत इतकी माणसे आणि गुरेढोरे येणार आहेत की या नगरीला तटच असणार नाही. परमेश्वर स्वतःच तिच्याभोवती अग्नीचा तट होईल. आणि प्रकटीकरणाच्या अखेरीस जी नवी नगरी स्वर्गातून उतरते, तिला उंच तट आहे खरा, परंतु तिच्या बाराही वेशी कधी बंद होत नाहीत.

तट असावा आणि दारे उघडी असावीत, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात? धर्मग्रामाचे सारे अवघडपण याच प्रश्नात आहे असे मला वाटते. आपल्याला आपली बोली, आपले सण, आपली जमीन, आपली मुले राखावयाची आहेत. त्यासाठी काही एक तट हवा. पण नोकरीसाठी आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे, आपली बोली न येणारे कुटुंब रविवारी मागच्या बाकावर येऊन बसते, तेव्हा त्याला तो तट लागता कामा नये. तटाची शोभा तो किती उंच आहे यात नाही, त्याच्या आत किती जण निर्भय झाले यात आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी अशाच एका कुटुंबातील आई आजारी पडली. ते परगावचे होते, आळीत त्यांचे कोणी नव्हते. फलकावरून भांडलेल्या दोन्ही आळ्यांतल्या बायकांनी, कोणीही न सांगता, आठवडे वाटून घेऊन त्या घरी डबा पोहोचवला. कोणाची पाळी पहिली होती, हे मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. पुढे ती बाई बरी झाली आणि एका रविवारी ख्रिस्तयागानंतर आपल्या अंगणातल्या फुलांचा एक साधा हार घेऊन आली. कोणाच्या गळ्यात घालावा हे तिला समजेना, इतक्या जणी होत्या. शेवटी तिने तो वेदीच्या पायरीवर ठेवला.